तार ढिली आहे

—नाही नाही, घाई करू नका, घाईत आवळलेली तार पहिल्याच खड्ड्यात दगा देते. बसा त्या स्टुलावर. तुम्ही स्पोक म्हणता, आम्ही तार म्हणतो — मागच्या चाकाच्या तीन गेल्यात, चाक आऊट झालंय, हे बघा, फिरवतो, कसं झिंगल्यासारखं डुलतंय. आणि इथून पुढं तीन मैल सरळ उतार, एका बाजूला कठडासुद्धा नाही. तेव्हा चाक माझ्या हातात आहे तोवर निवांत बसा. काय म्हणालात? माझी आशा काय? वा! अजून विचारता होय? अकरा वर्षांपूर्वी ह्याच स्टुलावर बसून हेच विचारलं होतंत. नाही आठवत? कसं आठवेल, तुमचा रस्ता लांबचा, वाटेत माणसं छप्पन्न. मला आठवतं. मी इथंच आहे ना.

तुमचं ते पुस्तक आहे माझ्याकडे, वाटेत भेटलेल्या माणसांच्या आशांचं. हो, तुम्हीच धाडलंत पोस्टानं, वर सही करून — 'रस्त्यातल्या मित्राला'. मित्राला! त्या पान्यांच्या ड्रॉवरमध्ये आहे, ग्रीसचे डाग पडलेत थोडे. छान लिहिता, खोटं कशाला बोलू. तो नावाडी, ज्याला वाटायचं पूल कधीच पुरा होऊ नये. ती इस्त्रीवाली, जिला आतून कडी लागणारी एक खोली हवी होती, बस्स, एक खोली. आणि पान एकशे बाराला मी, फोटोसकट, हसतोय बावळटासारखा. खाली काय लिहिलंत? पाठ आहे मला — 'ह्या सायकलवाल्याची आशा एकच. खाटेला खिळलेल्या बापानं लवकर सुटावं.'

म्हटलं होतं मी. नाकारत नाही. सात वर्षं बाबांचं सगळं मी करत होतो — उचल, धू, भरव, कूस बदल — आणि त्या दिवशी पाठ भरून आली होती, आणि तुम्ही अनोळखी, तासाभरानं निघून जाणार, म्हणून बोलून गेलो. वाटसरूजवळ बोललेलं म्हणजे विहिरीत टाकलेलं, ते कुणी पोस्टानं घरी परत पाठवतं का? तो पडदा बघा. त्याच्यामागं खाट होती. बाबांनी जन्मभर हेच काम केलं. अंगावरून वारं गेलं, पण कान शाबूत. मी चाक फिरवून एकेक तार अशी नखानं छेडायचो — टिंग, टिंग — आणि पडद्याआडून आवाज यायचा, 'तार ढिली आहे रे, गाढवा.' कधी चुकले नाहीत. मग पुस्तक आलं, आणि शेजारच्या शिवणवाल्या मावशींनी ते खाटेशी बसून मोठ्यानं वाचलं. त्यांची काय चूक, पुढच्या ओळीत काय आहे त्यांना काय ठाऊक. मीच म्हटलं होतं, मावशी, मोठ्यानं वाचा, बाबांना ऐकू जाऊ दे, आपलं दुकान छापून आलंय — हो. मीच म्हटलं. असू दे. लिहिणारे तर तुम्ही ना?

चार वर्षं. त्यानंतर चार वर्षं जगले, आणि चार वर्षांत माझ्याशी एक शब्द नाही. मावशींशी बोलायचे, पोस्टमनशी बोलायचे. मी घास पुढं केला की तोंड उघडायचे, मिटायचे, संपलं. मी मुद्दाम तारा ढिल्या ठेवायचो साहेब, मुद्दाम, आणि छेडायचो, पुन्हा छेडायचो, निदान शिवी तरी हासडतील म्हणून — अख्खी गल्ली ऐकायची, पडदा हलायचा नाही. आणि पुढचं वाक्य का नाही लिहिलंत तुम्ही? मी पुढं म्हटलं होतं, पण ते गेले तर चाक बरोबर झालं की नाही हे मला सांगणार कोण — म्हटलं होतं ना? तुमच्या त्या वेळच्या वहीत नाही? नीट आठवा. म्हटलं होतं मी. म्हटलं असणार. आता माझी मलाच खात्री वाटेनाशी झालीये, आणि तुमचा सगळ्यात जास्त राग येतो तो ह्याचसाठी.

तेव्हाच मनाशी गाठ मारली होती — हा गडी कधीतरी ह्या रस्त्यानं परत येईल, कधीतरी त्याची तार तुटेल, आणि मग चाक माझ्या हातात असेल. आता तुमची आशा सांगा बघू. सांगा की, मी काही छापत नाही. — अस्सं. अंधार पडायच्या आत घरी पोचायचंय, लेक दारात उभी असेल. केवढी आहे? नऊ वर्षांची. छान.

घ्या, झालं. आवळल्या सगळ्या. आवळल्या, असं मी म्हणतोय. घाम का फुटला? छेडून बघा ना स्वतः — टिंग, टिंग — कळतंय काही? नाही ना? मलाही नाही कळत, बाबा गेल्यापासून. तुमच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर काय आहे? अनोळखी माणसावर डोळे मिटून विश्वास टाका. मग टाका की. बसा, उतार आहे, पायडल मारायचीही गरज नाही. — अहो, उतरलात का? तीन मैल हातात धरून नेणार? आणि लेक? बरं, जा मग चालत. ओरडून काय विचारताय तिथनं, तार ढिली आहे का? विचारा, विचारा. मी बोलणार नाही.