मान नको, तोंडाने सांगा

आदरणीय अध्यक्ष महाशय, मंचावरील डॉक्टरसाहेब आणि व्यवस्थापकसाहेब, आजच्या सत्कारमूर्ती म्हणजे औषधखिडकीवरून आज निवृत्त होणाऱ्या आपल्या ताई, आणि एरवी त्या खिडकीपुढे रांगेत भेटणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो, सर्वांना नमस्कार.

टेबलावर काय काय आलं ते आधी सांगते. दोन गुच्छ. एका आजींनी विणलेला स्वेटर, किंमत विचारली तर म्हणाल्या, "माझे डोळे." आणि रुग्णालयाकडून भिंतीवरचं घड्याळ. घड्याळाकडे मी पुन्हा येणार आहे.

मी मॅट्रिक झालेली घरातली बाई. घरात बोलते ते कुणी ऐकत नाही, आणि आमच्या ह्यांना तर ऐकूच येत नाही. हसू नका, गोष्ट तिथेच आहे. ऐकू येत नाही हे ते कबूल करत नाहीत, नुसती मान डोलावतात. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं, गोळी अर्धी घ्या. ह्यांनी मान डोलावली. खिडकीवर ताईंनीही सांगितलं, अर्धी. पुन्हा मान! पाकिटावर लिहिलेलं होतं, पण चष्मा लावला तर म्हातारपण दिसतं ना! आठ दिवस अख्खी गोळी घेतली आणि नवव्या दिवशी न्हाणीघरात कोसळले. देवानेच राखलं.

मी खिडकीवर भांडायलाच गेले. ताई दार उघडून बाहेर आल्या, ह्यांच्याशेजारी बाकावर बसल्या.

"काका, मी सांगितलं, पण तुम्हाला कळलं का ते पाहिलं नाही. चूक माझी. आता तुम्ही मला सांगा, गोळी कशी घ्यायची?"

ह्यांनी मान डोलावली.

"मान नको काका, तोंडाने सांगा."

ह्यांनी कान ताईंकडे केला. मग हे म्हणाले, "पोरी, जरा मोठ्याने बोल गं."

चाळीस वर्षांच्या संसारात मला कधी हे ऐकायला मिळालं नव्हतं!

तेव्हापासून ताई प्रत्येकाकडून वदवून घेतात. औषधांची नावं पुस्तकात सापडतात. समोरची मान खरी हलली की खोटी, हे कुठल्या पुस्तकात सापडायचं? त्यासाठी बाकावर येऊन बसावं लागतं, आणि घड्याळाकडे पाठ करावी लागते.

परवा खिडकीवर नवी मुलगी आली. हुशार आहे, गोड बोलते. पण वर पाटी लागली आहे, 'प्रत्येकी दोन मिनिटे'. काल ह्यांनी तिच्यापुढे मान डोलावली आणि ती म्हणाली, "पुढचे या." तिचा काय दोष? तिला शिकवलंय कुणी?

तेव्हा विनंती एवढीच, की ती पाटी उतरवा आणि महिनाभर ताईंना त्या मुलीशेजारी बसू द्या. ताई तयार आहेत, मी विचारलंय.

बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर घरची समजून पोटात घाला. बोलू दिलंत, आभारी आहे.

आणि व्यवस्थापकसाहेब, तुम्ही मघापासून मान डोलावताय, दिसतंय मला. मान नको. हे पाकीट घ्या. जुनंच उलटून चिकटवलंय, पण तिकीट नवं आहे आणि पत्ता स्वच्छ लिहिलाय. काय ठरलं ते उलट टपाली कळवा.