गफारभाईंची पिवळी रेघ

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय आबाराव साहेब, कळंबहून मुद्दाम आलेले प्रमुख पाहुणे रणधीरजी, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो ते आपल्या येडशीचे मिस्त्री गफारभाई, त्यांच्या शेजारी बसलेल्या सायराभाभी, आणि समोरच्या तमाम गाडीमालक, चालक बंधू-भगिनींनो, सर्वांना जयभीम, सलाम, नमस्कार.

मी सुगत. नोकरी बेंबळीच्या शाळेत, राहणं इथं येडशीत. उशीर झाला, त्याबद्दल आधी दिलगिरी. गाडी ह्या हॉलच्या फाटकातच बंद पडली. आपल्यातल्या चौघांनी ढकलत ती कडेला लावली, त्यांचे आभार. हसा, हसा. माझं हसू कधीच संपलंय.

उद्या सकाळी आठला मला पत्नीला घेऊन सोलापुरात पोचायचंय. डायलिसिस असतं तिचं, आठवड्यातून दोनदा. ही काय, पौर्णिमा तिसऱ्या रांगेत बसलीय. मागच्या गुरुवारी तामलवाडीच्या अलीकडं गाडीनं मान टाकली. दीड तास उन्हात उभे होतो. मग एसटी मिळाली, तीत बसायला जागा नाही. एका म्हातारीनं उठून हिला जागा दिली. दर वेळी अशी म्हातारी कुठून आणू मी?

तुम्ही म्हणाल, मास्तर, शोरूमला दाखवा की. अहो, चार वेळा दाखवली! ते कॉम्प्युटर जोडतात आणि म्हणतात, "सर, एकही एरर नाही." कॉम्प्युटर म्हणतो गाडी ठणठणीत, गाडी म्हणते मी चालत नाही. मी कुणाचं ऐकू? धुऊन मात्र दर वेळी चकाचक देतात. वर हात जोडून सांगतात, "कंपनीचा फोन येईल सर, दहापैकी दहा द्या." मी दिले हो! चारही वेळा दिले. पुढच्या खेपेला तरी नीट बघतील म्हणून दिले.

असो. आज गफारभाईंबद्दल बोलायचंय. पस्तीस वर्षं ह्या माणसानं आपल्या गाड्या सांभाळल्या. त्यांची पद्धत तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. नट कसून झाला की पिवळ्या रंगाची बाटली काढायची आणि बारीक ब्रशनं नटापासून खालच्या पत्र्यापर्यंत एक रेघ ओढायची. रेघ सलग, तर नट जागेवर. रेघ तुटली, तर नट फिरला. बोनेट उघडलं की पाना घ्यायच्या आधी ते नुसत्या रेघा बघत. निम्मा रोग तिथंच सापडायचा. माझ्या इंजिनात अशा अकरा रेघा होत्या.

होत्या म्हणतोय मी. अध्यक्ष महोदय, मला दोन मिनिटं जास्तीची द्या. हे आज बोललो नाही तर पुन्हा बोलणं व्हायचं नाही.

पौषात माझा गिअर अडकायला लागला. गाडी वॉरंटीत होती. आमचे सहकारी सोमेश सर म्हणाले, "बाहेरच्या मिस्त्रीचा हात लागलेला दिसला की शोरूमवाले वॉरंटी नाकारतात बघा." मी घाबरलो. रविवारी अंगणात बोनेट उघडलं, हिची नेलपेंट काढायची बाटली घेतली, आणि कापसानं अकराच्या अकरा रेघा पुसून काढल्या. एक शिल्लक ठेवली नाही. शोरूममध्ये गिअर फुकटात झाला. मी खूश!

महिन्याभरात गाडी वाटेत बंद पडायला लागली. मी आलो गफारभाईंकडं. त्यांनी बोनेट उघडलं, वाकले, टॉर्च लावून बघितलं. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. मग मला म्हणाले, "मास्तर, माझ्या रेघा मलाच दिसंनात वो. आता डोळे गेले म्हणायचं."

आणि मी गप्प बसलो. लाज वाटली मला. एवढा भला माणूस, त्याचा हात लपवला हे कुठल्या तोंडानं सांगू? म्हटलं, नंतर सांगू. त्यांनी गाडीला हात लावला नाही. म्हणाले, "न दिसता हात लावणं बरं न्हाय. घरची बाई बसती तुमच्या गाडीत. शोरूमला न्या." पंधरा दिवसांत ऐकलं, गफारभाई गॅरेज बंद करून लेकीकडं, सिमरनकडं, पुण्याला चालले.

साहेब, हा समारंभ माझ्यामुळं आहे. टेबलावरच्या ताटात ती गॅरेजची किल्ली ठेवलीय. थोड्या वेळात ती रणधीरजींकडं जाईल, टायरच्या दुकानासाठी. त्यांचा काही दोष नाही. पण गफारभाई, तुमचे डोळे शाबूत आहेत हो! रेघा नव्हत्याच तिथं. तुम्हाला बरोबर दिसलं होतं.

शिव्या द्या मला.

काय? हो, सगळ्याच पुसल्या. माईकपाशी या, मागं ऐकू जात नाही... गफारभाई विचारतायत, "अर्थिंगच्या वायरीची बी पुसली का? ती ढिली झाली की गाडी मधीच बंद पडती." हो, बॅटरीखालची ना? तीही पुसली. नाही, नंतर कुणीच कसून बघितली नाही. शोरूमवाले तिथं हात घालतच नाहीत, कॉम्प्युटरवर दिसत नाही ते.

अरे, उठले! रणधीरजी, जरा वाट द्या त्यांना. गफारभाई, शाल तरी काढा, तेल लागंल. भाभी, तुम्ही का रडताय? दहा नंबरचा पाना आहे का कुणाकडं? मागं बघा, ड्रायव्हर मंडळी, द्या त्यांना.

अध्यक्ष महोदय, ती किल्ली तेवढी ताटातच राहू द्या, हात जोडतो. संयोजकांनी मला बोलायला उभं केलं, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, मी ऋणी आहे. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर ते पोटात घाला. रेघा पुसल्याची माफी मात्र तुमच्याकडं मागत नाही, ती ज्यांच्याकडं मागायची ते फाटकापाशी पोचलेत. बोनेट आतून उघडतं आणि गाडीची किल्ली माझ्या खिशात आहे. मला जाऊ द्या.