तीन चोक बारा, हवेत फक्त दहा

...आणि वर मलाच विचारतात, "व्हर्ल, तुझ्या खेळात चेंडू कधी हवेत उडतो की नाही रे?" अहो, उडेल की! पण उडाल्यावर खाली येतो ना तो, आणि खाली आला की कुणीतरी धरायला लागतो, आणि धरणारं पोरगं आमच्या गावात जन्मालाच आलेलं नाही, त्याला मी काय करू?

तुम्हाला सांगतो, अठ्ठावीस वर्षं झाली मला नेब्रास्कातल्या या प्लम फोर्कच्या शाळेत. सकाळी पोरांना सुतारकाम शिकवतो, दुपारी साडेतीनला फुटबॉल, तो आपला चेंडू हातात धरून पळायचा. गाव केवढं म्हणाल, तर मक्याच्या शेतांतून गाडीनं जाताना एक शिंक आली की गाव संपलं. टीममध्ये पोरं तेव्हा एकवीस. त्यातली अकरा मैदानात, उरलेली दहा बाकावर, आणि त्या दहांतल्या चारांना खेळ सुरू झालाय हेच माहीत नसतं...

तर दोन वर्षांमागं आम्ही फेकत होतो. सगळं जग फेकतंय म्हणून आम्हीही! कोल्टन ओस्टरमान आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू आधी ज्याच्या हातात येतो तो. उंच, देखणा, दात सरळ, आणि खांदा असा की चेंडू फेकला तर शेजारच्या जिल्ह्यात पडावा. पडायचाच! पकडणारे आमचे दोघं... एकाला चष्म्याशिवाय दिसायचं नाही आणि दुसऱ्याला दिसायचं, पण चेंडू जवळ आला की तो डोळे मिटायचा. नऊ सामने, नऊ हार. एकदा तर चेंडू पंचानं झेलला, आणि गावानं टाळ्या वाजवल्या. काय करतील, वर्षभर दुसरं काही झेललेलं बघितलं नव्हतं!

मग पुढच्या ऑगस्टात पोरांची वजनं घेतली आणि माझं डोकं चाललं. पाच पोरं अशी निघाली की दारातून आडवी आत यावीत. त्यातला ऑरिन पोलमान, अकरावीतला. शाळेचा काटा तीनशे पौंडांना थांबतो, म्हणून त्याला मक्याचे ट्रक मोजतात त्या काट्यावर नेला. तो काटा वीस-वीस पौंडांनी हलतो, म्हणजे पोरगं तीनशेचं की तीनशे वीसचं, देवालाच ठाऊक. बोलणं मात्र शून्य. तीन वर्षांत मी त्याच्या तोंडून "हो कोच" आणि "सॉरी कोच" याखेरीज काही ऐकलं नव्हतं.

त्या संध्याकाळी बायकोनं चर्चच्या विक्रीसाठी जर्दाळूची कोलाची, म्हणजे मधे मुरंबा भरलेले गोल गोड पाव, भाजून टेबलावर ठेवली होती. मी त्यातली पाच ओळीनं मांडली. म्हटलं, "लोर्ना, हे बघ. ही उजवीकडची तीन आतल्या बाजूला ढकलतात, इथं भोक पडतं. आता हे डावीकडचं गोलमटोल कोलाची, हा ऑरिन. हा जागा सोडून पाठीमागून धावत येतो, भोकात शिरतो, जो समोर दिसेल त्याला आडवा करतो. आणि चेंडू घेतलेला रूबेन त्याच्या पाठीला चिकटून येतो. एकच डाव. दिवसभर तोच."

"म्हणजे पुढच्याला कळणार नाही का, काय येतंय ते?"

"कळू दे ना! कळून काय करेल? ऑरिन येतोय हे कळल्यानं ऑरिनचं वजन कमी होतं का?"

ती म्हणाली, "व्हर्ल, हे फुटबॉल नाही, पाच फ्रीज हलवणं आहे. आणि ऑरिन खाली ठेव, तो विकायचा आहे."

पण हिशेब बघा तुम्ही! चार संधींत दहा यार्ड गेलं की पुन्हा चार संधी मिळतात. खरं की नाही? मला एका वेळी फक्त तीन यार्ड द्या. तीन चोक बारा, हवेत फक्त दहा! दोन यार्ड शिल्लक राहतात! चेंडू हवेत नाही, आपल्या पोटाशी. यात न कळण्यासारखं काय आहे, सांगा मला!

आता ऑरिनला उजवं-डावं कळत नाही, हे मला सरावाच्या पहिल्या दिवशी समजलं. मी म्हणालो उजवीकडे, हा डावीकडे वळला, आणि तिकडून येणाऱ्या कोल्टनला घेऊनच गेला. पोरगं दोन मिनिटं आकाशाकडे बघत पडलं होतं. "सॉरी कोच." मग मी युक्ती काढली. आमच्या मैदानाच्या एका अंगाला धान्याची कोठारं, दुसऱ्या अंगाला दफनभूमी. म्हटलं, "ऑरिन, उजवं-डावं विसर. मी 'कोठार' ओरडलो की कोठाराकडे, 'दफनभूमी' ओरडलो की दफनभूमीकडे." अहो, काय पळायला लागला! तीन आठवड्यांत असा तयार झाला की समोरची पोरं त्याला येताना बघून आपणच बाजूला व्हायची. मग परगावचा पहिला सामना लागला. ऐन वेळी हा माझ्यापाशी आला, घामानं डबडबलेला, आणि कानात विचारतो, "कोच, इथं दफनभूमी कुठं आहे?"

तरी जिंकलो, हं! आठातले सहा जिंकलो! आणि लोकांना आनंद? छे! कॉफीच्या दुकानात म्हातारा एमिल रोज सकाळी माझी वाट बघत बसायचा. "जिंकलास, ठीक आहे. पण मी उत्तरार्धात झोपलो होतो."

"मग उठलास तेव्हा आपण पुढे होतो ना?"

"होतो. पण तसेच तिथल्या तिथं होतो. मला वाटलं, मी झोपलोच नाही."

आणि कोल्टनची आई, शार्लीन ओस्टरमान! ती शाळेच्या समितीची अध्यक्ष. गाडी लावायच्या जागी मला गाठायची, खिडकीची काच खाली करून. "कोच, माझ्या मुलाच्या हाताला गंज चढतोय. त्या हातासाठी मी सात उन्हाळे त्याला शिबिरांना नेलंय. आणि तुम्ही त्याच्याकडून काय करून घेता? चेंडू घेतला, दिला. घेतला, दिला. पोस्टमन आहे का तो?" मी आपलं म्हणायचो, "शार्लीन, तीन चोक बारा..." आणि काच वर जायची.

पण ऑक्टोबरच्या शेवटी तिनं काच खाली केली, ती वेगळ्याच चेहऱ्यानं. म्हणाली, "व्हर्ल, बस जरा आत." बसलो. म्हणाली, पुढच्या वर्षी पोरं अकरासुद्धा भरत नाहीत. हार्डन सिटीची शाळा आपली टीम त्यांच्यात घ्यायला तयार आहे. एक टीम, त्यांचं मैदान, त्यांचे कपडे. समितीत तिघं हो म्हणतायत. "शेवटचा सामना त्यांच्याशीच आहे ना? तो जिंकून बाद फेरीत गेलात, तर गाव उठेल, मी दोघा-तिघांना वळवू शकेन. पण देवाशपथ, व्हर्ल, असं ढकलाढकली करून कोण उठणार आहे? एकदा तरी फेका!"

आता बोला! नव्वद वर्षांची टीम, आणि ती माझ्या डोक्यावर.

सामना आमच्याच मैदानावर, बघायला अख्खं गाव. वारा असा की कानाला चावे घेतोय. हार्डन सिटीचा कोच स्टर्लिंग, पस्तिशीचा पोरगा, काळा चष्मा, कानात यंत्र, हातात हॉटेलातल्या मेनूकार्डाएवढी डावांची यादी. त्यांची पोरं फेकतायत, झेलतायत, नाचतायत... आणि आमचं आपलं तीन यार्ड, ढीग. तीन यार्ड, ढीग. शेवटची सात मिनिटं उरली, आम्ही चार गुणांनी मागे, आणि चेंडू आमच्या हातात कुठं? आमच्याच टोकाला. पलीकडची रेषा ओलांडली की सहा गुण, पण मधे ऐंशी यार्ड!

गाव ओरडतंय, "फेक! फेक!" एमिल उभा राहून ओरडतोय, तो चक्क जागा होता! शार्लीन कठड्यावर चढलेली. मी म्हणालो, कोठार. तीन यार्ड. दफनभूमी. चार यार्ड. कोठार. तीन. तीन चोक बारा, तीन चोक बारा... मी तोंडातल्या तोंडात पाढा म्हणतोय, घड्याळ पळतंय, रूबेनच्या नाकातून रक्त, आणि समोरची पोरं हळूहळू... तुम्हाला सांगतो, हे दिसायला लागतं हो... उठायला वेळ घ्यायला लागली. आधी लगेच उठायची, मग गुडघ्यावर, मग एकमेकांचा हात धरून. बावीस वेळा तोच डाव! आणि आलो, रेषेपासून दोन यार्डांवर आलो. पण चौथी संधी. शेवटची. घड्याळात अकरा सेकंद.

मी खेळ थांबवायला सांगितला. आणि खरं सांगू? मी डगमगलो. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. एवढे सगळे म्हणतायत, आपलंच चुकत असेल, वाटलं. पोरं भोवती आली, वाफा निघतायत अंगातून. मी म्हणालो, "कोल्टन, देण्याचं सोंग कर आणि फेक."

मग वरून आवाज आला. "नको, कोच."

मी वर बघितलं. ऑरिन.

"काय म्हणालास?"

"फेकायला नको. ते थकलेत, कोच. त्यांचा तो बेचाळीस नंबरवाला रडतोय. मी त्याला सॉरीपण म्हणालो. पण तिथनं जाता येईल."

मी कोल्टनकडे वळलो. म्हटलं, तू सांग बाबा, तुझा हात, तुझी आई तिकडं कठड्यावर. पोरगं बुटांकडे बघत म्हणालं, "कोच, मला फेकायचं नाहीये. मी फेकतो तेव्हा सगळे उभे राहून माझ्याकडे बघतात, आणि चेंडू पडला की अजून बघतात. देतो तेव्हा सगळे मिळून पळतो आम्ही. हे वर्ष मला... म्हणजे, बरं वाटलं. आईला सांगू नका."

मी नाकात वारा गेल्यासारखं करून रुमाल काढला आणि ओरडलो, "कोठार!"

ऑरिन निघाला. कोठाराकडेच निघाला! भोक पडलं, केवढं, तर कपाटाचं दार किलकिलं व्हावं तेवढं, त्यात हा शिरला आणि बेचाळीस नंबरवाल्याला घेऊन कोसळला, त्याच्यावर आणखी सहा, आणि त्या ढिगावरून रूबेन सरपटत, चढत, कुणाच्या हेल्मेटवर गुडघा ठेवत... मग काही दिसेना. पंच एकेकाला ओढून बाजूला काढतायत, तळघर उपसल्यासारखं. सगळ्यात तळाशी रूबेन, पोटाशी चेंडू, आणि रेषेच्या पलीकडे किती? वीतभर! पंचाचे दोन्ही हात वर!

गावानं अग्निशामक गाडीचा भोंगा वाजवला. एमिल मला मिठी मारून म्हणाला, "भयंकर कंटाळवाणं होतं," आणि रडला. शार्लीननं मुलाला धरलं, त्याच्या त्या हातावरून हात फिरवत राहिली.

बाद फेरीत पहिल्याच सामन्यात आपटलो, तो भाग सोडा.

सोमवारी समितीची बैठक. शार्लीन उभी राहून वीस मिनिटं बोलली. पुढच्या रेषेतल्या, त्या ढकलणाऱ्या पाचही पोरांची नावं घेऊन बोलली, मला वाटायचं तिला एकही ठाऊक नाही! आणि मग मतं पडली. चार विरुद्ध दोन. टीम गेली. कारण पोरं अकरा भरत नाहीत, आणि ती काही जिंकून भरत नाहीत हो. तिथं माझा पाढा चालेना.

मी शिट्टी खिळ्याला टांगली. म्हटलं, संपलं, आता खुर्च्या बनवू. तर मेमध्ये फोन. स्टर्लिंग! "सर, तुमची रेषेतली पोरं आमच्याकडे येतायत. तुम्ही त्यांना सांभाळाल का? ती दुसऱ्या कुणाचं ऐकत नाहीत. तो मोठा पोरगा तर बोलतच नाही." लोर्ना म्हणाली, "जा. घरात आता खुर्च्या ठेवायला जागा नाही."

तर आता मी तिथं असतो. स्टर्लिंग सामन्यात पन्नास वेळा फेकतो. आणि फेकायचं तर रेषेतल्या पोरांनी काय करायचं, माहीत आहे? पुढं जायचंच नाही! एकेक पाऊल मागं सरकत क्वार्टरबॅकला झाकायचं. अठ्ठावीस वर्षं मी पोरांना पुढं रेटायला शिकवलं, आणि आता दुपारी साडेतीनला दुसऱ्याच्या मैदानावर, दुसऱ्याच्या रंगाची टोपी घालून ओरडतो, "मागं सरक, ऑरिन... शाब्बास... अजून मागं..."

आणि दुःख काय आहे, सांगू? फार छान सरकतो हो.