एकतारीचा तडा

घनसावंगीच्या स्टँडवर जीप अजून भरायची होती. मागच्या सीटवर बसलेली साधना मोबाईल काढणार, तेवढ्यात समोरच्या बाकड्यावर एक म्हातारी अन् तिचा लेक येऊन बसले. लेकाच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेली एकतारी होती.

"भोपळ्याचा तडा बुजवला का त्यानं, अंगदा?"

"बुजवला, माय. पण मिस्त्रीनं काळा रंग खरडला, तर खाली कापड निघालं. मला विचारून राह्यला, ही पहिले कधी फुटल्ती? म्या म्हणलं, बिलकुल न्हाई. दादा तर सांगायचे, चाळीस वर्षांत हिला ओरखडा गेला न्हाई."

"सांगायचे खरं. भजनात बी सांगायचे."

"मंग कापड कुठून आलं?"

साधनानं मोबाईल पिशवीतच राहू दिला.

"माझं लग्न नवंच होतं. तुझे दादा हसनाबादला गेल्ते. झाडताना खुंटीवरून पडली माझ्या हातून. लई भ्याव वाटलं. मंग लुगड्याचा तुकडा खळीनं चिकटवला अन् वरून दाराचा लाल रंग मारला."

"दादांनी काही विचारलं न्हाई?"

"म्हणले, रंग झ्याक दिला. मरेपर्यंत कळलं न्हाई त्यांला."

"अन् काळा रंग?"

"तो त्यांनीच दिला, नंतर कव्हातरी."

"लुगडं कोणतं होतं?"

"हिरवं. लग्नातलं."

"हिरवं पार खाली होतं, माय. त्याच्यावर तुझा लाल रंग. अन् लाल रंगावर धोतराचं पांढरं कापड चिकटवलेलं."

"धोतराचं?"

"बराबर तड्यावर."

जीप सुरू झाली. दोन गचके बसले.

"लबाड माणूस!" म्हातारी एकदम म्हणाली. "अन् गावभर सांगत फिरला, ओरखडा न्हाई म्हणून! आण इकडं ती. माझ्या मांडीवर दे."