खापरपणजोबांचे बिल्ले

...आणि वर तोंड करून तो डुगल मला म्हणतो, "मेंढीच्या गळ्यातले बिल्ले आहेत रे मर्डो!" शी! तुम्हाला सांगतो, चार तास पावसात, स्वतःच्याच जुन्या डुकरखान्यामागच्या उकिरड्यात गुडघ्यापर्यंत रुतून, ते टूंटूं करणारं धातुशोधक यंत्र हाकत मी शिशाचे एकसष्ट बिल्ले काढले, नखांतली घाण अजून जात नाही, आणि हा शेजारी मला मेंढ्या शिकवणार! बरं, यंत्र आणलं कुणी? आमच्या इझोबेलनं. "अहो, रिटायर झालात, सारखे पायात पायात येता, जा की जरा बाहेर!" गेलो. नसते उद्योग!

मग यंत्रवाल्यांच्या क्लबाचे अध्यक्ष. त्यांनी बिल्ला भिंगाखाली धरला, हुंगला, चाटला... हो, चाटला! उकिरड्यातला! आणि म्हणतात, "गुत्त्यातला दिसतोय. हा दिला की पेलाभर बिअर मिळत असणार." बिअर? गिलरॉयांच्या घरात? अहो, पाच पिढ्या आम्ही इथल्या चर्चचे पंच! आणि रविवारी मुख्य पंचाची निवड, मी उभा, आणि गावभर बिअर-बिअर! म्हटलं, आता सोक्षमोक्षच लावतो. अॅबरडीनहून म्युझियमच्या बाई बोलावल्या, चर्चच्या हॉलमध्ये, सगळ्या मंडळीसमोर, चहाबिस्किटं ठेवून. नसते उद्योग!

बाईंनी एकच बिल्ला पाहिला. "हे तर प्रभुभोजनाचे!" म्हणजे बघा, चर्चमधल्या भाकरी-द्राक्षारसाच्या त्या पवित्र भोजनाला कुणाला बसू द्यायचं, हे ठरवायला पूर्वी पंच घरोघर जाऊन माणसं तपासायचे. वागणूक चांगली, तर बिल्ला. दारुडा, भांडखोर, तर नाही. आणि बिल्ला नाही त्याला सगळ्या गावादेखत चर्चच्या दारातून परत! माझी छाती ही अशी फुगली! उठलोच मी. "माझे खापरपणजोबा, पंच एबेनेझर गिलरॉय, यांनी ही पवित्र ठेव जमिनीत लपवून जपली..." टाळ्या! तिथं गप बसावं की नाही माणसानं? छे! म्हटलं, "बाई, सोबत हा दगडही निघाला. धार लावायचा असेल."

बाईंनी दगड उलटा केला. मागे गोल खळगा. त्यात बिल्ला ठेवला. टक्! चपखल.

"गिलरॉयसाहेब," बाई हळूच म्हणतात, "चर्चचा साचा लोखंडी होता, तो आमच्याकडे आहे. हा... घरगुती दिसतोय."

घरगुती! म्हणजे ज्याला पुढच्या दारानं नाकारायचं, त्यालाच मागच्या दारानं खोटा बिल्ला! देवाच्या मेजाचा! पंचानं! शी, शी, शी! किळस आली हो मला स्वतःच्या रक्ताची! आणि डुगल टाळी वाजवून उठतो, "तरीच! आमचा खापरपणजा अट्टल बेवडा, पण प्रभुभोजन कधी चुकलं नाही! घरात सगळे चमत्कार म्हणायचे!" हॉल हसतोय, चर्चच्या पाळकबाई हसतायत, इझोबेलच्या तर नाकातून चहा आला. पाच पिढ्यांची अब्रू, परत उकिरड्यात. कुणी सांगितलं होतं? नसते उद्योग!

रविवारी तोंड लपवून मागच्या बाकावर बसलो, तर निवड एकमतानं... माझी! पाळकबाईंना म्हटलं, "अहो, का?" तर म्हणाल्या, "लोक म्हणतात, गिलरॉय कुणाला परत पाठवत नाहीत." मी? अहो, मी आयुष्यभर परतच पाठवत आलोय!

पुढचं प्रभुभोजन. मुख्य पंच म्हणून दारात उभा मी, आणि समोर ही रांग! नाताळलासुद्धा न फिरकणारी माणसं! सगळ्यांत पुढे डुगल, बावीस वर्षांत पायरी न चढलेला, भांग पाडून, हात पसरून. "मर्डो, बिल्ला दे की रे."

त्याला सुनवायला तोंड उघडलं. चांगलं बावीस वर्षांचं साठलेलं होतं. तर मेल्यानं पसरलेला हात आपणहूनच मागे घेतला हो... परत जायला वळलासुद्धा. मग काय करणार? खिशात हात घातला.

"घे! आणि ए मागच्यांनो, रेटारेटी करू नका. संपले तर साच्यात आणखी ओतू!"