टपाला पाडलेलं भोक

जावयानं जुनी घरगाडी घेतली राव, आत पलंग, वर काचेची खिडकी. ती गळायची नेमकी माझ्या पलंगावर, अन् दुसऱ्या दिवशी त्याच गाडीतून पुतण्याच्या लग्नाला नांदेडला जायचं होतं. मीच टपावर चढलो, खिडकीच्या कडेचा जुना चिकटा खरवडला, नवा भरला. वाळल्यावर पाइपनं पाणी मारलं, थेंब नाही! आमच्या नल्लकुंटा मोहल्ल्यातले शेजारी म्हणाले, "क्या मजबूत काम करे चाचा!"

बायको घाबरली, "नजर लागेल!" जावयानं लगेच गाडीच्या टपाला आरपार भोक पाडून हूक ठोकला, लिंबू-मिरची टांगली.

वाटेत कामारेड्डीला पाऊस लागला. लिंबावरून माझ्या नव्या फेट्यावर धार सुरू.

बायको म्हणते, "बघा, लिंबू होतं म्हणून एवढ्यावरच भागलं!"