कप्तानाची कवळी

"हॅलो?… हां मावशी, बोल."

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या त्या दोन खोल्यांच्या कारखान्यात जेवणाची सुट्टी चालू होती. तिच्या टेबलावर प्लास्टरचे सात जबडे वाळत पडले होते आणि त्यांच्या मधोमध उघडा लॅपटॉप. पडद्यावर प्रश्न होता, 'ही कथा कायमची काढून टाकायची का?' खाली 'हो', शेजारी 'नाही'. तिचं बोट 'हो'वर टेकणार एवढ्यात फोन वाजला होता. सातपैकी एकाही जबड्यानं मत दिलं नव्हतं.

"नाही जेवले अजून… जेवते गं… आवाजाला काय व्हायचंय, सकाळपासून हाच आवाज आहे… हो, बघितला. शेवटचा भाग काल सगळ्यांनीच बघितला."

चार वर्षं ती जहाजावरची मालिका चालू होती, आणि चार वर्षं ही त्याच पात्रांना घेऊन स्वतःची वेगळी गोष्ट लिहीत होती, एका वेबसाइटवर टाकत होती. एकशे अठरा प्रकरणं झाली. जहाजाचा कप्तान आणि इंजिन सांभाळणारी बाई यांचं जमणार, हे तिनं पहिल्याच प्रकरणात ठरवून टाकलं होतं. मालिकावाल्यांना कळवायचं तेवढं राहून गेलं. काल इंजिनवालीनं लग्न केलं ते हवामानाचा अंदाज सांगणाऱ्या माणसाशी, आणि कप्तानाची बदली दीपगृहावर झाली.

"मी काय करू मावशी, मी थोडंच लावलं ते लग्न?… हो, हो, माहितीये मला, तुझा जीव कप्तानावर… सगळ्यांचाच होता. सकाळपासून तीनशे निरोप आलेत मला… काय म्हणणार? एक म्हणते, शेवटचा भाग म्हणजे कप्तानाला ताप आला होता, त्यात पडलेलं स्वप्न… हो, जाहिराती धरून… एकानं 'घरात दुःखद घटना' लिहून रजा टाकलीय… झाली मंजूर. साहेब पण कप्तानाच्याच बाजूचा निघाला."

तिनं डोळे चोळले. बोटांना लागलेलं गुलाबी मेण पापणीला चिकटलं.

"हसू नको गं… एक शाळेतली बाई आहे, ती म्हणते, तुझ्या नादानं आम्ही आस लावून बसलो, आता तूच निस्तर. आणि दुसरी बाजू म्हणते, खरं काय ते कळलं ना, मग तुझी खोटी गोष्ट उतरव खाली… तेच ते, हवामानवाले… नाही, मी कुणाला काही उत्तर दिलं नाही. दिवसभर लोकांच्या तोंडाची मापं, आणि घरी गेलं की पुन्हा लोकांची तोंडं. थकले मी… काय केलंस?… कुठे?… चॅनलला फोन केलास? तू?… का पण?… कवळीसाठी?"

पलीकडच्या टेबलावर पॉलिशवाला सुट्टीतही एक खालची कवळी चाकावर धरून घासत होता. 'कवळी' ऐकून त्याला वाटलं, कामाचंच काही असेल. त्यानं चाक थांबवलं.

"मावशी, ऐक ना… अगं ऐक. मालिकेतल्या कप्तानाला कवळी नाहीये… नाही, हरवली नाही, नव्हतीच कधी. ती मी बसवलीय, बाराव्या प्रकरणात… कारण मला तेवढंच येतं. दुसरी एखादी असती तर तिनं त्याला शूर केला असता."

मावशीची चूक म्हणायची तर ती अशी. तिला डोळ्यांनी फार अंधुक दिसतं. मालिका तिच्यापुरती म्हणजे निळा रंग आणि लाटांचा आवाज. तिचा कप्तान आला तो जाऊबाईंच्या, म्हणजे हिच्या काकूंच्या तोंडून. दोघी जावा, दोघींचे नवरे गेलेले, मुलं लांब. रोज चार वाजता थोरली चष्मा लावायची, मोबाइल हातात घ्यायची आणि भाचीनं लिहिलेलं एक प्रकरण धाकटीला वाचून दाखवायची. नवीन आलं नसेल तर जुनं. काल शेवटचा भाग लागला तेव्हा मावशीनं विचारलं, कप्तान हसताना कवळी दिसते का? जाऊबाई म्हणाल्या, दात त्याचेच दिसतायत. म्हणून आज सकाळी चॅनलला फोन.

"मग तिथला माणूस काय म्हणाला?… दाताच्या डॉक्टरांना विचारा? बरोबरच आहे त्याचं… तक्रारीचा नंबर दिला?… काकूंना सांगायचंस ना लिहून घ्यायला… बोलत नाहीत? कधीपासून?… आणि आज वाचणारही नाहीत?… 'खोटं कशाला वाचू', अशा म्हणाल्या?"

हे जरा लागलं. तीनशे अनोळखी माणसांनी म्हटलेलं इतकं लागलं नव्हतं.

"नाही, बरोबर आहे त्यांचं. मी तशीही काढूनच टाकतेय… सगळी. एकशे अठराच्या एकशे अठरा… आत्ताच टाकत होते, तुझा फोन आला… रडतेस?… बरं, नाही रडत. मग नाक कशाला ओढतेस?… अगं, दुसरं काहीतरी ऐकत जा ना. रेडिओ आहे… कुठला भाग?… तो होय, वादळातला. कवळी समुद्रात पडते तो. मलाही तोच आवडतो… हो, तीन दिवस तोंड मिटून हुकूम देतो, आणि जहाज भलत्याच बंदराला लागतं. आणि मग… कोण?… नाही, नाही. इंजिनवालीला सापडते ती. पंपाच्या जाळीत अडकलेली… हवामानवाला उडी मारतो? पाण्यात? अगं, त्याला पोहता येत नाही. बासष्टाव्या प्रकरणात मी स्पष्ट लिहिलंय."

ती खुर्चीत सरळ बसली.

"थांब मावशी. इंजिनवालीला ताप येतो, तेव्हा उशाशी कोण असतं?… हवामानवाला. रात्रभर. बरं. आणि तेव्हा कप्तान कुठे असतो?… झोपलेला… घोरतो? माझा कप्तान घोरतो?… हे बघ, असं कधी झालेलंच नाहीये."

हे वाक्य तिनं सकाळपासून दुसऱ्यांच्या निरोपांत इतक्या वेळा वाचलं होतं की स्वतःच्या तोंडून निघाल्यावर तिला आधी वाटलं, पॉलिशवालाच बोलला. पण तो बिचारा नुसता बघत होता.

"काही नाही गं, तुझ्यावर नाही चिडले… मला सांग, काकू कुठेयत?… त्यांच्या हातात फोन दे. तू त्यांच्याशी बोलू नको हवं तर, नुसता हातात दे… दारावर कोण आहे? गॅसवाला?… मग जा तू, धरून धरून जा, घाई नको… हां… काकू, नमस्कार. मी बोलतेय… मी काही नाही सांगितलं तिला. आधी मला सांगा, कप्तान कधीपासून घोरतो?"

पलीकडे आधी दार लोटल्याचा आवाज आला, मग काकू हळू आवाजात बोलू लागल्या.

"चौथ्या प्रकरणापासून… म्हणजे अगदी सुरुवातीपासूनच की… डागडुजी? कसली डागडुजी?… माझा हवामानवाला फार पडेल वाटला तुम्हाला… बरं, मग? रोज लिहून काढत होतात?… वाचता वाचता? तसंच? माझ्या ओळींकडे बघत?"

एकेक प्रकरण लिहिताना तिनं नखं खाल्ली होती, त्यात लागलेलं मेणही खाल्लं होतं. आणि इकडे ही बाई चष्मा लावून, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता, चार वर्षं तिच्याच गोष्टीत दुसऱ्याच माणसाला पाण्यात उड्या मारायला लावत होती.

तिनं रागवायचं ठरवलं. पण राग यायला अंगात थोडी ताकद लागते, ती सकाळीच संपली होती.

"आणि तिला कधी संशय नाही आला?… नाही येणार. ती भांडण्यात गुंतलेली… कप्तानाच्या बाजूनं, हो… रोज? जेवणापर्यंत?… एकदा तुम्हाला 'घरभेदी' म्हणाली? हवामानवाल्यावरून?… मग झालं की आता, काकू. तुम्ही जिंकलात. सगळं तुमच्या मनासारखं झालं. 'खोटं कशाला वाचू' म्हणून सांगितलंतही तिला… चिडावी म्हणून म्हणालात?… आणि ती काय म्हणाली?… 'बरं'… नुसतं 'बरं'?… सकाळी चहा देताना पण… चहा चांगला झालाय असं म्हणाली?… हं. मग खरंच गंभीर आहे."

लहानपणी सुट्टीत ती त्या घरी राहायला जायची, तेव्हा तिला वाटायचं, या दोघींचं एकमेकींशी अजिबात पटत नाही. पडदे, पंख्याचा वेग, खिडकीची कडी, कशावरूनही जुंपायची. पुढे माणसं कमी झाली, पडदे एकच ठरले, खिडकी दोघींनाही उघडेना. भांडायला कप्तान तेवढा उरला होता. कालपासून तोही दीपगृहावर. मावशी बहुतेक गॅसवाल्याशी गोड बोलत असेल.

"ऐकतेय, ऐकतेय… एक प्रकरण. कप्तान परत येतो असं… म्हणजे तिला उभारी येईल, मग तुम्ही त्याला पाडाल… कळलं मला, काकू. पण माझ्याच्यानं होणार नाही. खोटं नाही सांगत, लिहायला बसले की नुसता पडदा दिसतो… तीनशे जण मानगुटीवर बसलेत… बरं, नाही काढत. शब्द दिला. हे बघा, लॅपटॉप मिटला… हो, तोच आवाज. पण माझी एक अट आहे. पुढचं तुम्ही सांगा… मलाच… कुणाला नाही सांगणार… तुमच्याकडे काहीतरी असणारच. चार वर्षं काय माझ्या जिवावर काढलीत?"

मग तिनं पाय समोरच्या स्टुलावर टाकले. तीन वाजता एक आजोबा वरची कवळी न्यायला येणार होते, आणि त्या कवळीला अजून पुढचे चार दात बसायचे होते.

"दीपगृह… एकटाच… हं… कवळी रोज दिव्याजवळ वाळवतो? अहो, वितळेल ती… नाही, सांगा तुम्ही, मी मधे नाही बोलत… हवामानवाला म्हणतो, आकाश निरभ्र. बरं… आणि वादळ येतं. काकू, तुमच्याच माणसाला चुकवलंत तुम्ही?… 'भांडण बरोबरीचं हवं'… हो, ते आहे… दिवा विझतो. पूर्ण?… आणि जहाज त्याच बाजूला… मग?… इंजिनवाली छोटी बोट सोडते. एकटी. शाब्बास… बोटीत आधीच कोणीतरी बसलेलं आहे… ताडपत्रीखाली… कोण?"

पॉलिशवाला एव्हाना खुर्ची ओढत तिच्या टेबलापाशी आला होता. त्यानं भुवया उडवून विचारलं. तिनं हातानं थांबवलं.

"कोण बसलंय, काकू?… काय झालं?… मावशी आली?… येऊ दे की. हळू बोला, तिला कुठे… अहो, एवढंच सांगा, कप्तान की तो?… काय? मी म्हणाले?… मी कधी म्हणाले कप्तान भित्रा आहे?… अहो काकू, माझं नाव कशाला… मावशी, मी नाही गं म्हटलं. मावशी… कवळीवरून काय बोलल्या त्या?… मावशी, तू आधी बस… हो, हो, घरभेदीच आहेत, बरोबर आहे तुझं. म्हण अजून एकदा… काकू, तुम्ही पण सोडू नका. पण आधी त्या बोटीत कोण आहे ते तरी मला…"

फोन बंद झाला होता. कुणी ठेवला, ते कळायला मार्ग नव्हता. पुढच्या कामाला दोघींनाही दोन्ही हात मोकळे हवे असावेत.